नुसती काच फुटली तर

चिंतामणराव पोफळी मोटारींचा विमा विकायचे आणि त्यांना मोटार चालवता येत नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांनी ते जन्मभर लपवलं. भिलाईत एखाद्या इंजिनीयरच्या बंगल्यावर जायचं असलं की ते दुर्गहून सायकलनं निघायचे. बंगला जवळ आला की एखाद्या चहाच्या टपरीमागे सायकल लावायची, पँटच्या क्लिपा काढून खिशात टाकायच्या, टाय सरळ करायचा आणि फाटकातून असं आत शिरायचं की जणू यांचा ड्रायव्हर गाडी सावलीत लावायला गेला आहे. टाय मे महिन्यातही असे. त्या उन्हात टाय घालणारे भिलाईत दोनच प्रकारचे लोक होते, दिल्लीहून पाहणीला आलेले अधिकारी आणि आमचे चिंतामणराव.

मी चारुलता. १९६१ साली मी वीस वर्षांची होते आणि त्यांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिस म्हणजे दुर्ग स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापडाच्या दुकानावरची एक खोली. चिंतामणराव मूळ रायपूरचे, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. घरी आले की मी त्यांना काका म्हणायची. ऑफिसात साहेब म्हणायचं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं. खोलीत आम्ही दोघंच. म्हणजे त्यांना साहेब म्हणणारी तिथं मी एकटीच होते.

त्या वर्षांत भिलाईत धंदा न मिळणं कठीण होतं. पोलादाच्या कारखान्याची एक भट्टी पेटली की दुसरीचा पाया खणलेला असायचा. सेक्टरांमागून सेक्टर उभे राहत होते. रशियन साहेब, बंगाली इंजिनीयर, पंजाबी ठेकेदार, सगळ्यांकडे गाड्या, आणि सगळ्या गाड्यांच्या पुढे गिट्टीनं शिगोशीग भरलेले ट्रक. ट्रकमधून खडे उडायचे आणि मागच्या गाडीची समोरची काच जायची. आठवड्यात एक तरी अशी तक्रार आमच्याकडे यायची.

आमच्या कंपनीच्या कागदात काचेबद्दल चार ओळी होत्या. गाडीला अपघात होऊन तिचं दुसरं काही मोडलं आणि त्याबरोबर काच फुटली, तर भरपाई मिळणार. नुसती काच फुटली तर काही नाही. नुसत्या काचेची भरपाई हवी असेल तर वर्षाला आठ रुपये जास्तीचे भरायचे. त्यासाठी अर्जात एक वेगळा चौकोन होता. तो चौकोन कोरा सोडायचा, असा मला कायमचा हुकूम होता. आठ रुपये वाढले की रायपूरच्या दुसऱ्या एजंटपेक्षा आमचा आकडा मोठा दिसायचा, आणि त्या आठ रुपयांवर चिंतामणरावांना कमिशन नव्हतं.

एकदा एका बंगाली इंजिनीयरनं त्यांना सरळ विचारलं होतं की काचेचं काय. चिंतामणराव हसून म्हणाले, "पूर्ण विमा म्हणजे पूर्ण. काच काय गाडीच्या बाहेर असते?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवू लागले.

असंच ते पंजाबरावांनाही ऐकवलं. पंजाबराव अमरावतीकडचे, मातीकामाचे ठेकेदार. चार वर्षांपूर्वी सायकलवर आले होते म्हणे, आता त्यांच्याकडे ट्रक होते आणि स्वतःसाठी काळी लँडमास्टर मोटार. ती चालवायला शालिकराम मेंढे. शालिकराम साकोलीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, अठ्ठावीस वर्षांचा. ट्रॅक्टरवर हात बसला, मग ट्रकवर, मग गाडीवर. फार बोलत नसे. गाडी उभी असली की तो फडकं घेऊन ती पुसत असे, आणि पुसून झाली की पुन्हा पुसत असे.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो पंजाबरावांना आणि त्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, अहिवाऱ्याहून परत आणत होता. पुढं चुनखडीचा ट्रक होता. खड्ड्यात ट्रक आदळला, मुठीएवढा दगड खाली पडला, रस्त्यावर उसळला आणि थेट काचेवर आला. त्या काळच्या काचा फुटल्या की खाली पडायच्या नाहीत. त्यात एकदम हजार तडे जायचे आणि समोर दुधासारखा पांढरा पडदा उभा राहायचा. शालिकरामला पुढचं काही दिसेना. ट्रक पुढं, मागून आणखी एक, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खणलेल्या मातीचे खड्डे. त्यानं एका हातानं स्टेअरिंग सरळ धरलं, दुसऱ्या हाताची मूठ काचेतून घातली, भोक पाडलं, त्या भोकातून रस्ता पाहिला आणि गाडी हळूहळू कडेला आणून उभी केली. सुशीलाबाईंच्या मांडीवर वरणाचा डबा होता. त्यातलं वरण सांडलं नाही.

त्याचा हात मनगटापर्यंत फाटला होता. डाव्या डोळ्यात काचेचे दोन कण गेले होते, ते दवाखान्यात काढले. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी आणि डोळा लाल अशा अवस्थेत तो पंजाबरावांची चिठ्ठी घेऊन आमच्या माडीवर आला. चिंतामणरावांनी त्याला बस म्हटलं नाही. गाडीचं आणखी काय काय मोडलं, एवढंच विचारलं.

"काहीच नाही साहेब," शालिकराम म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो लपवायचं त्याला काही कारण नव्हतं. "गाडीले ओरखडा भी नाही आला."

चिंतामणरावांचं तोंड उतरलं. मी टाइपरायटरवरून मान वर करून पाहत होते. मला त्या क्षणी आमच्या कागदाचा खरा अर्थ कळला. हा माणूस जरा कमी प्रतीचा ड्रायव्हर असता, घाबरून गाडी खड्ड्यात घालणारा असता, तर कंपनीनं मुकाट भरपाई दिली असती.

संध्याकाळी पंजाबराव स्वतः आले आणि आवाज चढवून बरंच बोलले. काच गाडीच्या बाहेर नसते, हे चिंतामणरावांचंच वाक्य त्यांनी त्यांना परत ऐकवलं. चिंतामणराव तेव्हा सरळ सांगू शकले असते की चौकोन मी कोरा ठेवला, चूक माझी. दोन मिनिटं लाज वाटली असती आणि एक गिऱ्हाईक गेलं असतं. पण ते म्हणाले, मी व्यवस्था करतो. व्यवस्था हा त्यांचा आवडता शब्द होता.

व्यवस्था अशी. त्यांनी मला एक जबाब टाइप करायला सांगितला. शालिकरामच्या नावानं, की समोर गुरं आल्यामुळे मी गाडी डावीकडे घेतली, ती कडेच्या बाभळीला घासली, मडगार्ड दबलं आणि काच फुटली. मी टाइप केला. अशी गुरं आणि अशा बाभळी मी त्याआधीही टाइप केल्या होत्या. गाडी कुठंतरी दाबायची आणि काच तिच्या पदरात टाकायची, हे आमच्याकडे नवीन नव्हतं. पण आजवर गाडीचे मालक स्वतःच गाडी चालवत आणि स्वतःच सही करत. खोटं ज्याचं त्याच्याकडे राही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जी. ई. रोडवरच्या गुलाब मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. नोंदी घ्यायला मलाही नेलं होतं. पंजाबराव होते, शालिकराम होता. चिंतामणरावांनी शालिकरामच्या हातात हातोडा दिला आणि मडगार्डवर दोन ठोके घाल म्हणून सांगितलं. त्यानं हातोडा घेतला, गाडीकडे पाहिलं आणि तो खाली जमिनीवर ठेवला.

"मी नाही मारत," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाले सांगा."

गुलाब मिस्त्रीही हातोड्याला हात लावेना. गाड्या मी नीट करतो, असं काहीसं तो हिंदीत पुटपुटला. मग चिंतामणरावांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि हातोडा उचलला. ते गाडीच्या पुढं, दिव्यांसमोर, गाडीकडे तोंड करून उभे राहिले आणि आपल्या डाव्या हाताला जे मडगार्ड होतं त्यावर त्यांनी सगळा जोर लावून तीन ठोके घातले. काळा रंग उडाला, पत्रा आत गेला. घाम पुसत ते मागं सरले, काहीतरी मोठं काम केल्यासारखे.

गुलाब मिस्त्री हळूच म्हणाला, "बाबूजी, ये तो राइट साइड है."

गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की आपला डावा तो गाडीचा उजवा. ड्रायव्हरच्या जागी जो एकदा जरी बसला असेल त्याला हे कळतं. चिंतामणराव क्षणभर दोन्ही हात पाहत राहिले. मग डाव्या मडगार्डकडे वळले, तेव्हा पंजाबरावांनी त्यांचा दंड धरला. गाडी त्यांची होती. आणखी एकही ठोका ते सहन करणार नव्हते.

तेव्हा जबाब बदलला. जबाब बदलायला पत्रा लागत नाही. सगळे ऑफिसात परत आलो, मी नवीन कागद लावला आणि चिंतामणराव सांगतील तसं टाइप करत गेले. वेग जास्त होता. गाडीवरचा ताबा सुटला. गाडी रस्ता ओलांडून उजवीकडे गेली आणि झाडावर आदळली. आता गुरं गेली होती. गुरांमुळे उजवीकडे जावं लागलं हे पटणार नाही, असं त्यांचं मत पडलं. राहिला फक्त शालिकराम, वेगात जाणारा, ताबा सुटलेला, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर गाडी घालणारा. स्वतःला डावं-उजवं कळत नाही म्हणून त्यांनी दुसऱ्याला बेफाम करून टाकलं, आणि ते करताना त्यांनी माझ्याकडून पंखा वाढवून घेतला.

शालिकराम चौथी शिकलेला होता. कागदावर बोट ठेवून तो सावकाश वाचत गेला. ताबा सुटला या शब्दांवर बोट थांबलं.

"साहेब, असं झालं नाही," तो म्हणाला. "मी झाडाले धडकलो असतो तं बाईसाहेब वाचल्या असत्या का? हे कावून लिवलं?"

"अरे, कागदावरचं आहे ते. कागदावरच राहील," चिंतामणराव म्हणाले.

शालिकरामनं पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहत होते. कर सही, मी आहे ना, एवढंच म्हणाले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरची रिबन नीट करत होते. रिबनला काही झालं नव्हतं. त्यानं पट्टी बांधलेल्या हातानं सही केली, अक्षरं वाकडी आली.

नागपूरहून कंपनीचा माणूस आला, मडगार्ड मोजलं, जबाब वाचला, चहा घेतला आणि गेला. झाड कुठलं, हे त्यानं विचारलं नाही. काच कलकत्त्याहून यायला तीन आठवडे लागले. तोवर शालिकराम डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला दुपट्टा बांधून बिनकाचेची गाडी चालवत होता. चिंतामणराव मात्र पुढच्या गिऱ्हाइकांना सांगत फिरले की पंजाबरावांची काच मी कशी मिळवून दिली.

ऑगस्टमध्ये विम्याचं नवीन वर्ष सुरू व्हायचं होतं, तेव्हा नागपूरहून पत्र आलं. गाडीचा विमा पुढं चालू राहील, पण ती शालिकराम मेंढे चालवत असताना काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. त्याच्याच सहीनं त्यानं कबूल केलं होतं की गाडी त्याच्या ताब्यात राहत नाही. कंपनीचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे कागद होता.

पंजाबराव पत्र घेऊन आले. त्यांना जरा वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. आता काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

चिंतामणराव म्हणाले, "ड्रायव्हर बदला. ड्रायव्हर काय, रोज उतरतात स्टेशनवर."

तो महिना संपता शालिकरामची नोकरी गेली. जाताना मालकाचं प्रमाणपत्र मिळालं, ते चिंतामणरावांनीच सांगून टाइप करवलं. कंपनीच्या कागदाशी मेळ बसला पाहिजे म्हणून त्यात लिहिलं की वागणूक चांगली, अपघात एक, चालकाच्या चुकीने. तेही मीच टाइप केलं.

कारखान्याला तेव्हा ट्रक आणि बसवर ड्रायव्हर हवे होते. शालिकरामनं अर्ज केला आणि प्रमाणपत्र पाहून तो बाजूला ठेवला गेला. सप्टेंबरात तो आमच्या माडीवर पुन्हा आला. हाताची जखम भरली होती, डोळा स्वच्छ झाला होता. तो मुलाबाळांचं रडगाणं घेऊन आला नव्हता. त्याला फक्त दोन ओळी हव्या होत्या, की तो अपघात झाला नव्हता. चिंतामणराव म्हणाले की असं लिहून दिलं तर कंपनी उलट मलाच धरेल.

"साहेब, तुमी कागदावरच राहील म्हणले होते."

"कागदावरच आहे की," चिंतामणराव म्हणाले. "आणि सही तुझी आहे. मी थोडीच गाडी चालवत होतो?"

शालिकराम दाराकडे वळला. तो चिडला असता, त्यानं शिवी दिली असती, तर मी कदाचित जागची हलले नसते. त्यानं जाताना दार हळू लावलं. चिंतामणराव लगेच मला पुढचं पत्र सांगू लागले, सेक्टर चारमधल्या एका डॉक्टरांना, पूर्ण विमा म्हणजे पूर्ण. मी अर्ध्या ओळीवर उठले आणि जिना उतरून गेले.

शालिकराम कापडाच्या दुकानापाशी उभा होता. मी त्याला म्हटलं की उद्या मी तुमच्यासोबत कारखान्यात येते आणि सांगते. तो म्हणाला, "बाई, तुमची नोकरी जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. हे म्हणताना मला फार धीट वाटलं.

आधी आम्ही सुशीलाबाईंकडे गेलो. गाडीत त्या होत्या. वरणाच्या डब्याची गोष्ट त्यांनीच सगळ्यांना सांगितली होती. त्यांनी मला आत बसवलं, शालिकरामला ओट्यावर. खरं आहे, म्हणाल्या, त्यानंच आम्हाला वाचवलं, पण लिहून द्यायचं तर यांना विचारावं लागेल. आणि चिवडा खाऊन जा. मी चिवडा खाल्ला नाही.

वाहतूक विभागात ड्रायव्हर निवडणारे एक पंजाबी सुभेदार होते, फौजेतून निवृत्त झालेले, आवाज जाड. मी त्यांना सगळं सांगितलं, कोरा चौकोन, हातोडा, डावं-उजवं, दोन्ही जबाब. सांगताना माझी हिंदी अडखळत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की हे प्रमाणपत्र कोणी टाइप केलं. मी म्हटलं, मी. तो जबाब? तोही मी. मग आज तू जे बोलतेस ते खरं कशावरून, असं त्यांनी विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग उठले आणि म्हणाले, "ठीक है, ट्रक से पूछ लेते हैं."

अंगणात ड्रमांच्या दोन रांगा लावल्या होत्या. त्यांच्यातून भरलेला ट्रक उलटा न्यायचा. शालिकरामआधी त्या सकाळी दोघांनी ड्रम पाडले होते. तो चढला, आरसा नीट केला, एकदा खाली उतरून मागची जागा पायांनी चालून पाहिली, पुन्हा चढला. ट्रक मागं गेला, थांबला, पुढं आला. एकाही ड्रमला धक्का लागला नाही. सुभेदारांनी त्याला ट्रक घेऊन मोठ्या फाटकापर्यंत आणि परत नेलं, स्वतः शेजारी बसून. परत आल्यावर त्यांनी प्रमाणपत्राची घडी करून शालिकरामच्या खिशात घातली आणि म्हणाले, "ये किसी को मत दिखाना." सोमवारपासून त्याला कामावर यायला सांगितलं.

त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा गेले. चिंतामणरावांना कळलं होतं, ते कुठून कळलं कोण जाणे. मला वाटलं होतं ते मला काढतील, ओरडतील. त्यांच्यात तेवढंही नव्हतं. ते माझ्याशी दिवसभर गोड बोलले आणि संध्याकाळी टाय सोडून, काका होऊन, माझ्या वडिलांकडे तक्रार करायला गेले. मुलगी हाताबाहेर गेली, ऑफिसच्या गोष्टी बाहेर सांगते, हिचं लग्न करून टाका. वडील शाळामास्तर, कमी बोलणारे. काका गेल्यावर वडिलांनी मला बोलावलं.

"तो जबाब तू टाइप केला होतास?"

"हो."

"मग त्याच दिवशी बोलायचं होतं."

एवढंच म्हणाले आणि वह्या तपासायला बसले. चिंतामणरावांबद्दल मला जेवढी चीड वाटते त्यातली थोडी त्या संध्याकाळपासून माझ्याही वाट्याला आली, ती अजून आहे. मी नोकरी सोडली. पुढं सेक्टरातल्या एका शाळेच्या ऑफिसात लागले, तिथं गुणपत्रिका टाइप केल्या. त्यात मी कोणाचा एक गुण वाढवला नाही की कमी केला नाही.

शालिकराम आधी ट्रकवर होता, मग कामगारांच्या बसवर आला. त्याची बायको मथुरा मला बाजारात भेटायची, मुलांची खबर सांगायची. मी त्याच्या बसमधून कित्येकदा गेले. तो मानेनं ओळख द्यायचा आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायचा. आभार त्यानं कधी मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं.

चिंतामणरावांचं काही वाईट झालं नाही. कंपनीनं त्यांना एका वर्षी सर्वांत जास्त विमे आणल्याबद्दल चांदीचा मुलामा दिलेली थाळी दिली. ते निवृत्त झाले तेव्हा दुर्गातल्या एका हॉलमध्ये सत्कार झाला. वडिलांच्या वतीनं मला जावं लागलं. भाषणात कोणीतरी सांगितलं की त्यांच्या हातचा एकही क्लेम कधी नामंजूर झाला नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर शाल अंगावर घेऊन ते माझ्यापाशी आले. तुझा तो ड्रायव्हर काय करतो, म्हणून विचारलं. त्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितलं, बस चालवतो, चौदा वर्षं झाली.

"अपघात वगैरे?"

"नाही."

ते जरा विचारात पडल्यासारखे दिसले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "माझ्या मुलाची एजन्सी आहे आता. त्याला स्कूटर-बिटर घ्यायची असली तर पाठव."

मी शालिकरामला तो निरोप दिला नाही. त्याच्याकडे सायकल होती.